शेंदराची खूण

कडूबाला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण काडतूस ओळखता यायचं. यात काय एवढं मोठं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. दोन पावसाळे जोंधळ्याच्या पेवात पुरलेलं विलायती काडतूस नुसतं हातात घेऊन हे उडेल का नाही हे सांगणारा माणूस औरंगाबादेत तेव्हा दुसरा नव्हता. असला तरी नानासाहेबांना तो माहीत नव्हता.

नानासाहेबांचं घर शहागंजाच्या मागं, शेती दौलताबादच्या अंगाला, आणि जीव सगळा शिकारीत. पेन्शनीत निघालेल्या कुण्या इंग्रज साहेबाकडून त्यांच्या वडिलांनी एक दुनळी रायफल घेतली होती, ती यांच्याकडं आली. रझाकारांच्या धामधुमीत बंदूक घरात आणि काडतुसं शेतातल्या पेवात, जोंधळ्याखाली, अशी त्यांची ताटातूट झाली. मग पोलीस ॲक्शन झाली, हत्यारं जमा करा म्हणून हुकूम निघाला, आणि बंदूक कचेरीत गेली. पुढं लायसन मिळून ती परत आली. पेव उघडून काडतुसं वर काढली तर निम्मीशिम्मी हिरवी पडलेली, कारण जमिनीत ओल धरली होती. काही रानडुकरांवर उडवून झाली, कुजकी होती ती विहिरीत टाकली. त्रेपन्न सालच्या दसऱ्याला उरली चौदा. या मापाचं काडतूस आता बनतच नाही, असं शहागंजातल्या बंदूकवाल्यानं हात जोडून सांगितलं होतं.

कडूबा जातीचा धनगर. पोरपणी मेंढरं राखली, माग काढण्यात डोळा बसला, म्हणून नानासाहेबांचे वडील त्याला शिकारीला नेऊ लागले, आणि होता होता बंदुकीचं सगळं त्याच्याकडं आलं. घराच्या मागं दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको वच्छलाबाई राहायचे. मूलबाळ नव्हतं. पण वच्छलाबाईला विचाराल तर ती म्हणायची, हाय की, मल्हारी हाय. मल्हारी तिचा पाठचा भाऊ. आई गेली तेव्हा दीड वर्षांचा होता. हिनं आठ वर्षांच्या वयात त्याला कडेवर घेऊन मेंढरांमागं रान तुडवलं. आता तो बाप्या झाला होता, दौलताबादच्या डोंगराखाली त्याचा मेंढरांचा वाडगा होता, राहायचं पाल होतं, बायको बानाबाई होती, रांगतं पोर होतं. तरी तो शहरात आला की आक्का त्याच्या तोंडाला लागलेलं पदरानं पुसायची. तोही पुसू द्यायचा.

"त्या चौदांत पक्की किती, कच्ची किती, एकदाचं बघून ठेव," नानासाहेब कडूबाला म्हणाले. "ऐन वेळी घोटाळा नको."

कडूबानं त्या कामाला दोन दिवस घेतले. मागल्या अंगणात निंबाखाली घोंगडं टाकून बसला आणि बायकोला सांगितलं, भांडी वाजवू नको. आधी तो डोळ्यानं बघायचा, बुडाच्या टोपीभोवती हिरवा कळंक किती चढलाय ते. मग अंगठा-बोटात धरून शिशाची गोळी हळूच पिळून बघायचा. ती जरा जरी फिरली तरी आत ओल गेली समजायचं. आणि शेवटी कानाशी धरून हलवायचा. कोरडी दारू वाळल्या शेंगेतल्या दाण्यासारखी वाजते. सादळलेली गप्प राहते. एकेक काडतूस त्यानं दहादा ऐकलं. वच्छलाबाई उंबऱ्यात बसून हसायची, "मपलं बोलनं कधी इतकं कान देऊन ऐकलं नाय तुमी."

"तुजं बोलनं सादळत नाय ना," कडूबा म्हणायचा.

पाच पक्की निघाली. नऊ कच्ची, त्यातलं एखादं उडेल, एखादं नाही. नऊ टाकून द्यावीत असं त्याच्या मनात होतं, पण नानासाहेब म्हणाले, "कागदावर चौदा लिहिलीत, राहू दे. मडक्यांवर उडवू. पक्क्यांना तेवढी खूण कर." आता खूण करायची तर तेलरंगाची डबी शहागंजात मिळत होती. त्याच आठवड्यात नळीला लावायचं बारीक तेल आणि पुसायला फलालीन आणायला कडूबा तिथं जाऊनही आला होता. पण कोनाड्यात देवाजवळ शेंदराची वाटी हाताशी होती. तेलात कालवलेला शेंदूर सहसा निघत नाही. त्यानं करंगळी बुडवली आणि पाच काडतुसांच्या बुडाला एकेक ठिपका दिला. झालं काम. हे त्यानं नानासाहेबांना सांगितलं, बायकोला सांगितलं नाही. तिला कशाला सांगायचं? तिचा काडतुसांशी काय संबंध?

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही! पण दोन दिवसांवर खंडेनवमी. हत्यारांची पूजा, आणि आपली हत्यारं कशी झळझळीत दिसली पाहिजेत. कडूबानं राख घेतली, चिंधी घेतली, आणि ठिपके तेवढे सांभाळून चौदाच्या चौदा काडतुसं अशी घासली की हिरवा कळंक नावाला उरला नाही. सोन्याची वाटावीत अशी ती ताटात मांडली. मेहनत तर खरीच, पण त्या मेहनतीनंच डोळ्यानं पारखायची सोय गेली, हे त्या वेळी त्याच्या ध्यानात आलं नाही. खूण होती ना. खुणेवर त्याचा भरवसा.

खंडेनवमीला सकाळीच नानासाहेबांनी त्याला झेंडूची फुलं आणायला शेतावर पिटाळलं. नानासाहेबांच्या पत्नी द्वारकाबाई देवघरात पाट मांडून बसल्या होत्या. पाटावर रायफल, तलवार, विळा, कोयता, सगळं होतं. "वच्छले, काडतुसांचं ताट आण गं," त्यांनी हाक दिली.

वच्छलाबाई ताट घ्यायला गेली. बघते तर काय, पाच काडतुसांना शेंदूर आणि नऊ तशीच कोरडी. तिला वाटलं, धन्यानं पूजा करायला घेतली आणि फुलांसाठी मधूनच उठून गेला. पंगतीत पाच पानांवर वाढावं आणि नऊ पानं कोरडी ठेवावीत तसं ते तिला दिसलं. अर्धी पूजा देवाला कशी चालेल? बंदुकीची गोळी ती. उद्या कुणाच्या जिवावर बेतली तर तिनं नीट चालायला नको का? तिनं अंगातलं पोलकं सारखं केलं, हात धुतले, करंगळी शेंदरात बुडवली आणि उरलेल्या नवांना मनोभावे ठिपके दिले. धन्याचा ठिपका जिथं होता तिथंच, तसाच, तेवढाच. बाईच्या हाताला वळण होतं. कोणता ठिपका कुणाचा हे खुद्द खंडोबाला ओळखता आलं नसतं. पूजा झाल्यावर तिनंच ती काडतुसं पिशवीत भरून, तोंड बांधून फळीवर ठेवली.

दसऱ्याच्या सकाळी मल्हारी धापा टाकत आला. पहाटेच निघून डोंगराखालनं चालत आलेला, पायात वहाण नाही. महिनाभर एक बिबट्या त्याचा वाडगा फोडत होता. अकरा मेंढरं नेली, कुत्रं नेलं, आणि आदल्या दिवशी तिन्हीसांजेला तो थेट पालापर्यंत आला होता. बानाबाईनं जळतं लाकूड फेकलं म्हणून पोर वाचलं.

"मालक, तो आता नाल्यात घानेरीच्या जाळीत बसलाय. मेंढरू खाऊन सुस्त पडलाय. दोन मानसं राखनीला बसवून आलोय. आत्ता चला, नायतर पुन्हा गावनार नाय."

नानासाहेब उभ्या उभ्याच पगडी काढून टोपी घालते झाले. बद्रीनाथ ड्रायव्हरनं मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप अंगणात आणून सुरू ठेवली. ती एकदा बंद पडली की तासभर सुरू होत नसे. कडूबानं रायफल घेतली, गजाला चिंधी लावून दोन्ही नळ्यांतलं तेल कोरडं पुसून काढलं, कारण तेलकट नळीतली पहिली गोळी भलतीकडं जाते. हे सगळं त्याच्या हातांना पाठ होतं. मग जीपच्या मागल्या फळीवर त्यानं पिशवी उलटी केली.

चौदा काडतुसं. चौदा ठिपके.

त्यानं एक उचललं, दुसरं उचललं, सगळी उलटून पालटून बघितली. तेवढ्यात वच्छलाबाई भाकरीचं फडकं घेऊन आली आणि हळू आवाजात, जरा मिरवतच म्हणाली, "सगळ्यांना लावलाय शेंदूर. तुमी नऊ ठिवली व्हती तशीच. म्या पुरी केली पूजा. आता काय बी काळजी नाय." तिची करंगळी अजून लाल होती.

कडूबानं काडतूस कानाशी धरून हलवलं. जीप धडधडत होती. त्याला त्या धडधडीपलीकडं काही ऐकू आलं नाही.

बोलायचं होतं तर ते तेव्हाच. मालक, थांबा, खुणा मिसळल्यात, जीप बंद करा, मला घटकाभर द्या. एवढंच म्हणायचं. जीप बंद पडली असती, बिबट्या निघून गेला असता, नानासाहेब चिडले असते, बायकांना दारूगोळ्याला हात लावू दिलासच कशाला म्हणून चारचौघांत तिला आणि त्याला बोलले असते. बोलले असते तर बोलले असते! माणूस काय बोलण्यानं मरतो? पण ती समोर उभी होती, लाल करंगळी, हातात भाकरी, तोंडावर एवढं समाधान. आणि त्याचं स्वतःचंही नाव होतं ना, सबंध औरंगाबादेत पहिलं.

"कडूबा, पक्की घेतलीस ना?" नानासाहेबांनी पुढून विचारलं.

"दाजी असल्यावर काय घोर हाय, मालक," मल्हारी म्हणाला आणि जीपमध्ये चढला.

कडूबानं अंगठ्यानं दोन-चार गोळ्या पिळून बघितल्या, फिरत नव्हत्या अशी दोन काडतुसं निवडली आणि म्हणाला, "व्हय मालक. पक्की हायेत."

जीप थांबली तिथून नाला काही फार लांब नव्हता. नानासाहेब एका दगडाआड गुडघ्यावर बसले, कडूबा त्यांच्या उजव्या हाताला कुऱ्हाड घेऊन. मल्हारीनं वरच्या अंगानं जाळीत धोंडे टाकायचे आणि ताबडतोब बाभळीवर चढायचं, असं ठरलं होतं. चौथ्या धोंड्याला बिबट्या निघाला. नानासाहेबांनी उजव्या नळीचा चाप ओढला. बार झाला, जनावराची कंबर खाली बसली, आणि ते जिकडून धोंडा आला होता तिकडं वळलं. मल्हारीचा एक पाय बाभळीवर, एक खाली. नानासाहेब तरबेज माणूस, हात हलला नाही. त्यांनी नेम धरून डाव्या नळीचा चाप ओढला.

टक.

एवढाच आवाज आला. रिकाम्या डब्यावर खडा पडल्यासारखा. कडूबानं आयुष्यात पुष्कळ बार ऐकले, पण तो आवाज काही त्याच्या कानातनं गेला नाही. जनावरानं मल्हारीला खाली ओढलं तसा तो कुऱ्हाड घेऊन धावला. बिबट्या मल्हारीला सोडून दहा पावलांवर गेला आणि पहिल्याच गोळीनं आडवा झाला. मेला तो. पण मल्हारीचा खांदा आणि मान फाटली होती, आणि तो डोळे उघडे ठेवून म्हणत होता, "दाजी, आक्काला सांगू नका इतक्यात."

त्याला जीपमध्ये घालून शहरात दवाखान्यात आणलं. वच्छलाबाई आणि बानाबाई तिथं बाहेर बसून राहिल्या. कडूबाला नानासाहेबांनी घरी धाडलं, कारण बंदूक तशीच ठेवता येत नव्हती. त्या जुन्या काडतुसांच्या टोप्यांत असा काही खार असतो की बार झाल्यावर नळी त्याच दिवशी उकळत्या पाण्यानं धुतली नाही तर सकाळी तिला गंज चढलेला असतो. त्यासाठी दर वेळी पाणी वच्छलाबाई उकळायची. त्या संध्याकाळी त्यानं स्वतःच चूल पेटवली.

उजव्या नळीतून पाणी काळं निघालं. गजाला चिंधी लावून त्यानं ती ओढली, काळी, दुसरी, करडी, तिसरी, चौथी, पांढरी झाली. मग डावीत पाणी घातलं. जसं घातलं तसं स्वच्छ खाली आलं. चिंधी ओढली. पांढरी. पुन्हा ओढली, पांढरीच. काही उडालंच नव्हतं तर काळं काय निघणार? ती पांढरी चिंधी हातात धरून कडूबा चुलीपुढं बसला आणि ढसाढसा रडला. न उडालेलं काडतूस त्यानं फोडलं. आतली दारू चिकट, ओल्या मिठासारखी होती. मग त्या शांत घरात त्यानं उरलेली बारा एकेक करून कानाशी धरली. चार वाजली, आठ गप्प राहिली. अर्धा तासही लागला नाही.

मल्हारी नऊ दिवस जगला. जखमा चिघळल्या, ताप चढला, आणि शेवटचे दोन दिवस तो आक्काला आई म्हणत होता. डोंगराखाली त्याला माती दिली. नानासाहेब तिथं उघड्या डोक्यानं उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "जुनं काडतूस. ऐन वेळी दगा दिला." कडूबाकडं त्यांनी बघितलंही नाही. एक शब्द विचारला असता तर त्यानं सगळं सांगून टाकलं असतं. पण विचारलं नाही, आणि न विचारता सांगायला जी छाती लागते ती कडूबाजवळ नव्हती.

बायकोला सांगावं का? हाच एक प्रश्न त्याच्या डोक्यात रात्रंदिवस घुमायला लागला. सांगावं तर ती जगायची नाही. ज्या करंगळीनं मल्हारीला दूध चाटवलं त्याच करंगळीचा तो ठिपका होता. न सांगावं तर तिला वाटायचं की नवऱ्याच्या हातून सगळं नीट झालं, देवच कोपला. आणि खरं तर चूक तिची होतीच कुठं? तिला खुणेचं सांगितलं नाही ते त्यानं. काडतुसं चमकवली ती त्यानं. जीपपाशी व्हय म्हणाला तोही तोच. एवढं सगळं त्याला स्वच्छ कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

दिवाळी आली तशी गेली. त्यांच्या खोल्यांत पणती लागली नाही. भाऊबीजेला वच्छलाबाईनं अंघोळ केली, ताट केलं, सुपारी ठेवली, निरांजन लावलं. दिवस बुडताना ती मागल्या अंगणात निंबाखाली येऊन उभी राहिली. भाऊ नसेल तिनं चंद्राला ओवाळायचं. बीजेची बारीक कोर शहागंजाच्या घरांवर आली होती, लगेच मावळणारी. तिनं तीनदा ओवाळलं. मग ताट खाली ठेवलं आणि घोंगड्यावर बसलेल्या नवऱ्यापुढं येऊन बसली.

"एक इचारू का?"

कडूबाला कळलं. इतके दिवस तो याच क्षणाला भीत होता. "इचार," तो म्हणाला.

"देवानं काऊन असं केलं हो? म्या काय कमी केलं? सगळ्या गोळ्यांना शेंदूर लावला व्हता की." तिचा आवाज भांडल्यासारखा चढला. "तुमी पाचांनाच लावला व्हता. पाचच राहिल्या असत्या तर म्हनले असते, कोरडी गोळी लागली हाताला, तिनं घात केला. मंग निदान सोताला दोष दिला असता, की वच्छले, तू उटून पूजा पुरी काऊन नाय केलीस. पर म्या केली व्हती. हात धुवून केली व्हती. मंग?"

कडूबाच्या ओठावर सगळं आलं. खुणा, कळंक, जीपची धडधड, पांढरी चिंधी. जीपपाशी गप्प बसला आणि मल्हारी गेला. आता बोलला तर ही जाईल. एकदा बोलायचं तेव्हा बोलला नाही, त्याची आता अशी फेड, की जन्मभर बोलायचं नाही. त्यानं तिचा हात हातात घेतला. करंगळी आता लाल नव्हती. राखेनं, भांड्यांनी फुटलेली होती.

"पयली गोळी उडाली ना," तो म्हणाला, "ती तुज्या शेंदरानंच उडाली. नायतर त्यो बिबट्या मल्हारीवरनं उटून पालात गेला असता. बानाबाई गेली असती, पोर गेलं असतं. तुज्या हातानं पोर वाचलं, वच्छला."

ती तोंडाला पदर लावून रडायला लागली, मल्हारी गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळी. कोर घरांमागं गेली तरी ती रडत होती. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, निरांजन उचललं, आणि उठता उठता पुन्हा एकदा विचारलं.

"एक बी ऱ्हायली नव्हती ना हो माझ्या हातनं? नीट आठवून सांगा."

"नाय," कडूबा म्हणाला. "एक बी ऱ्हायली नव्हती."